बाटलीतली चिठ्ठी

पहिल्याच दिवशी परबबाईंनी माझ्या बांगड्या काढून घेतल्या. मी नेमणुकीचं पत्र हातात धरून प्रयोगशाळेच्या दारात उभी होते. त्यांनी पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आधी हात मोकळे कर. बांगडी काचेला लागली की अंडं बशीतून उडतं. मग शोधत बस लादीवर."

मी बांगड्या उतरवल्या. त्यांनी त्या काचेच्या एका बशीत ठेवल्या, कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, कपटा बशीत टाकला आणि झाकण लावलं. मी वाकून वाचलं : 'साठे. डावा हात सहा, उजवा सहा. सोमवार, सकाळी दहा-पाच. कु. प.' कु. प. म्हणजे कुसुम परब. संध्याकाळी बांगड्या परत दिल्या तेव्हा माझी सही घेतली. मुलुंडला घरी जाऊन मी आईला सांगितलं, "बाई चक्रम आहे."

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं. आमची संस्था लहान होती. साकीनाक्याला कारखान्यांच्या गाळ्यांवर, दुसऱ्या मजल्यावर चार खोल्या. खालच्या गाळ्यात पत्रे कापायचं मशीन होतं. ते चालू झालं की मायक्रोस्कोपखाली बशीतलं पाणी थरथरायचं आणि आतली माशांची अंडी नाचायला लागायची. परबबाईंना त्या मशीनचा ठेका पाठ होता. दोन पत्र्यांच्या मधल्या वेळात त्या मोजायच्या, मशीनचा ठोका आला की श्वास धरून थांबायच्या, पुन्हा मोजायच्या. पंधरा वर्षं त्या हेच काम करत होत्या. पदवी माझ्याएवढीच, पण नजर अशी की टाचणीच्या डोक्याहून लहान अंडं पाहून ते कोणत्या माशाचं हे त्या चहा संपायच्या आत सांगायच्या.

त्या भांडुपला राहायच्या. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणजवळ. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी विचारलेलं त्यांना चालत नसे. ऑफिसात मालवणी बोलायच्या ते मूड चांगला असला की. "काय गो चेडवा, डोळे खंय ठेवलंस?" असं ऐकू आलं की समजावं, आज सगळं ठीक आहे. त्या शुद्ध पुस्तकी बोलायला लागल्या आणि समोरच्याला 'आपण' म्हणाल्या, की खोलीतले सगळे आपापल्या बशीत डोकं घालायचे.

त्यांचा सगळा धर्म म्हणजे चिठ्ठी. कुठलं पाणी, कुठली भरती, कोणी काढलं, कोणी पाहिलं, हे पेन्सिलीने लिहून कपटा बाटलीच्या आत टाकायचा. नमुने टिकवायच्या फॉर्मलिनमध्ये शाई विरघळते, पेन्सिल राहते. "चिठ्ठी नाही त्या बाटलीत लोणचं आहे असं समज," त्या म्हणायच्या. दुसरा नियम असा, की जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही. चुकली असेल तर दुरुस्तीची दुसरी चिठ्ठी सोबत टाकायची. "चूक पण नमुनाच असता गो. ती पण ठेवायची."

मी आले तो एका कामाचा दुसरा उन्हाळा होता. काम बोरिवलीच्या पश्चिमेकडच्या खाडीतलं. तिथे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर समुद्री गवताचा एक पट्टा होता. शेवाळ नव्हे, खरं गवत. मुळं असलेलं, बोटाच्या पेराएवढ्या पानांचं. मार्च ते मे पाणी कोमट आणि खारं होतं, तेव्हा अशा गवतात मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, असं पुस्तकात आहे. या पट्ट्यात तसं होतं का, एवढाच प्रश्न होता. प्रश्न छोटा असला तरी उत्तरावर बरंच अवलंबून होतं. त्या पट्ट्यावर भराव घालून जेट्टीकडे रस्ता न्यायचा बेत होता. मासे इथे अंडी घालत नाहीत असं आम्ही लिहून दिलं, की दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होते.

आम्ही होडीतून बारीक जाळं ओढायचो. जाळ्यात पाण्याबरोबर उपटलेलं गवतही यायचं, खूप यायचं. ते बाटलीत कोंबलं तर नमुना सडतो. म्हणून होडीतल्या पत्र्याच्या पेटीवर परबबाईंच्या अक्षरातली सूचना चिकटवलेली होती : 'जाळ्यातील गवत हाताने झटकून टाकून द्यावे. नंतरच बाटली भरावी.' तरंगणारी अंडी झटकल्यावर खाली पडतात, गवतात राहत नाहीत. सूचना शहाणपणाची होती. पहिल्या वर्षी दुसरं कोणीतरी गवत टाकत होतं, दुसऱ्या वर्षापासून मी टाकत होते.

दोन उन्हाळ्यांच्या बाटल्यांत जवळजवळ काही निघालं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटी, संस्थेच्या साहेबांनी अहवाल टाइप करून घेतला. 'सदर गवताच्या पट्ट्यात माशांच्या प्रजननाचा लक्षणीय पुरावा आढळला नाही.' बोरिवलीच्या सरकारी कचेरीतली बैठक पंधरा दिवसांवर होती. खाडीची शेवटची फेरी करायची म्हणून परबबाई स्वतः आल्या.

ओहोटी लागली होती. होडी चिखलाला टेकवून मी जाळं साफ करत होते. जवळच मथुराबाई नावाची कोळीण चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत होती. रोजची ओळख, पण बोलणं 'पाणी किती?' एवढंच. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली.

"गो बाय, तुमी आंडी शोधाला येता ना?"

"हो."

"मंग फेकता कशाला?"

परबबाईंनी मान वर केली. "काय फेकतो?"

"आंडी! टोलाची आंडी हायेत ती. टोल गवताला दोऱ्यांशी बांधून ठेवते. ही पोर झटकते नि टाकते, झटकते नि टाकते. दोन वरसां बघते मी."

टोळ म्हणजे लांब चोचीचा, काठीसारखा मासा. शिजवला की हाडं हिरवी निघतात, म्हणून मुंबईतले पुष्कळ लोक घेत नाहीत. कोळी आवडीने खातात.

"मग आधी का नाही सांगितलंत?" परबबाईंनी विचारलं.

"मना कोन इचारलं? तुमी शिकलेल्या. मना वाटला, तुमचा कायतरी शास्तर आसल."

परबबाई होडीतून उतरल्या. पोटरीपर्यंत चिखलात उभं राहून त्यांनी मी टाकलेला गवताचा पुंजका उचलला आणि भिंग लावलं. साबुदाण्याएवढे पारदर्शक मणी, प्रत्येकाला बारीक दोरे, दोरे पानांना गुंडाळलेले. झटकून सुटणारे नव्हतेच ते. तो पुंजका त्यांनी खाडीच्या पाण्याच्या बादलीत सोडला. मग पेटीवरची सूचना नखाने खरवडून काढायला लागल्या, आणि अर्ध्यावर थांबल्या. सूचना तशीच ठेवली. तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलं : 'चूक. आजपासून गवत ठेवावे. कु. प.'

मला आणखी एक गोष्ट माहीत होती. मी ती त्या क्षणी सांगितली नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. घाबरट होते. "एका कोळिणीच्या सांगण्यावरून मी अहवाल बदलू? गोगलगाईची अंडी असतील ती."

"आपल्याला उबवून दाखवते," परबबाई म्हणाल्या.

आपल्याला! मी दाराकडे सरकले.

"पंधरा दिवसांत?"

"त्याआधी."

आम्ही एकसष्ट अंडी आणली होती. तीन काचेच्या बरण्या, खाडीचं पाणी, हवेचे बुडबुडे सोडणारा छोटा विजेचा पंप. प्रत्येक बरणीत चिठ्ठी. काम ऐकायला सोपं वाटतं. पण मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि शेजारच्या अंड्याला लागते. म्हणून तासातासाला पाहायचं, पांढरं दिसलं की काचेच्या नळीने उचलायचं. एक दिवसाआड मी जीप घेऊन खाडीवर जायची, भरतीचं ताजं पाणी कॅनमधून आणायची. बाहेरचं ऊन आणि वरचा पत्रा यांनी खोली भाजून निघायची. तिसऱ्या दिवशी चोपन्न उरली, पाचव्या दिवशी सत्तेचाळीस. परबबाई डबाही बरण्यांसमोर बसून खायच्या. मालवणी बोलणं पार बंद झालं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी खालच्या मशीनने फ्यूज उडवला आणि आमची लाइन त्याच्याबरोबर गेली. पंप बंद पडला. फ्यूज लगेच बसेल म्हणून आम्ही अर्धा तास वाट पाहिली. ती अर्ध्या तासाची वाट फार महाग पडली. बरणीत बोट घातलं तर पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं.

मी खाली गेले आणि गाळ्यातला माठ मागितला. वॉचमनकडून वाळू आणली, पत्र्याच्या टबात घातली, माठातल्या गार पाण्याने ओली केली, बरण्या तिच्यात गळ्यापर्यंत पुरल्या, भोवती भिजवलेलं गोणपाट गुंडाळलं. उन्हाळ्यात आमच्या घरी दुधाचं भांडं असंच ठेवायचे, त्यात माझी अक्कल काही नव्हती. हवेसाठी सायकलचा पंप आणला, त्याला रबरी नळी लावली आणि आम्ही दोघी आळीपाळीने हळूहळू हवा भरायला लागलो. मशीनवाला वर येऊन दारात उभा राहिला.

"क्या मॅडम, मच्छी को हवा भर रहे हो? पंक्चर है क्या?"

"तुमच्या मशीनमुळे," परबबाई म्हणाल्या. तो हसायचा थांबला. फ्यूज बसवायला स्वतः शिडी घेऊन आला, पण त्याला साडेचार वाजले.

त्याआधी, पंपाचा दांडा खालीवर करताना मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाई, मी ते मणी पाहिले होते. मागच्या वर्षी. पहिल्याच आठवड्यात. गोगलगाईचं काहीतरी असेल म्हणून टाकले."

त्यांनी बरणीतले बुडबुडे पाहणं थांबवलं नाही. "वहीत लिहिलंस?"

"नाही."

"मग पाहिले नाहीस," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दांडा सरळ धर. फेस येतोय."

एवढंच. त्या वाक्याने मला सोडवलं की बांधलं, हे तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी अंडी वेचून काढली तेव्हा अकरा उरली. दोन दिवसांनी नऊ, सगळी एका बरणीत. पण त्या नवांत दोन-दोन काळे ठिपके दिसायला लागले होते. डोळे. मायक्रोस्कोपखाली हृदय उडताना दिसायचं, खालच्या मशीनच्या ठेक्यापेक्षा भरभर. गोगलगाय नक्की नव्हती. साहेबांनी दोनदा येऊन पाहिलं आणि अहवाल पुन्हा टाइप करायला दिला.

टाइप होऊन आला तो दहाव्या दिवशी, आणि त्याच दिवशी निरोप आला, की बैठक तीन दिवस अलीकडे घेतली आहे. म्हणजे परवा. परबबाईंनी अहवाल वाचला आणि साहेबांच्या खोलीत गेल्या. पाठोपाठ मी, कारण बरणीची वही माझ्याकडे होती.

"हे वाक्य कोणाचं? 'पहिल्या दोन उन्हाळ्यांतील गवताचे नमुने उपलब्ध झाले नाहीत.'"

"का? खोटं आहे?" साहेब म्हणाले.

"नमुने होते. होडीभर होते. आम्ही टाकले. असं लिहा : 'पहिल्या दोन उन्हाळ्यांत गवत कुसुम परब यांच्या सूचनेवरून टाकून देण्यात आले.'"

"परब, जरा विचार करा. तुमची बढती पुढच्या महिन्यात आहे. आणि हे वाक्य वाचल्यावर ते म्हणतील, ज्यांना अंडी टाकतोय हे दोन वर्षं कळलं नाही, त्यांचं आता का ऐकायचं? भरावाला तुम्हीच वाट करून देताय."

साहेबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मलाही तेच वाटत होतं. बरणीत नऊ अंडी होती आणि त्यातलं एकही फुटलेलं नव्हतं.

"पहिल्या दोन उन्हाळ्यांच्या नोंदींत काही नव्हतं आणि या वर्षी एकदम अंडी कशी आली, हे ते विचारतीलच," परबबाई म्हणाल्या. "तेव्हा आपण काय सांगणार? गवत रुसलं होतं? आपण हे वाक्य घालणार नसाल, तर मी माझी सही घालणार नाही."

वाक्य घातलं गेलं.

बैठकीच्या सकाळीही नऊच्या नऊ अंडी बंद होती. साहेब जीप घेऊन पुढे गेले होते. आम्ही साकीनाक्याला रिक्षा धरली. बरणी माझ्या मांडीवर, ओल्या फडक्यात. परबबाई रिक्षावाल्याला सांगत होत्या, "हळू रे बाबा, खड्डा बघ." तो म्हणाला, "खड्ड्यातच रस्ता आहे मॅडम, मी काय करू?" प्रत्येक धक्क्याला पाणी हिंदकळत होतं. बोरिवली येईपर्यंत माझी साडी भिजली होती. उतरल्यावर मी फडकं उघडून पाहिलं. बरणीत तळाशी फाटक्या, रिकाम्या साली पडल्या होत्या.

"बाई, फुटली," मी म्हणाले.

त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली, वर उन्हाकडे धरली. पाण्यात चार काळसर काड्या होत्या. नखाएवढ्या लांब. एक वाकडी झाली, सरळ झाली आणि निघून काचेच्या दुसऱ्या बाजूला गेली.

"फुटली नाय गो," त्या म्हणाल्या. बारा दिवसांत पहिल्यांदा मालवणी. "भायर इली."

आत त्यांनी बरणी लगेच दाखवली नाही. टेबलाखाली पायाशी ठेवली आणि आधी अहवाल वाचला, त्या वाक्यासकट. टेबलापलीकडचे अधिकारी लिहायचे थांबले.

"म्हणजे तुमचं दोन वर्षांचं काम चुकीचं?"

"गवताबाबतीत, होय."

"आणि हे आम्ही फाइलला लावायचं?"

"लावायलाच आणलंय."

साहेब छताकडे बघत होते. ते अधिकारी पेनाचं टोपण लावायला लागले, आणि मला वाटलं, झालं, संपलं. तेव्हा परबबाईंनी बरणी टेबलावर ठेवली आणि भिंग त्यांच्याकडे सरकवलं. अधिकाऱ्यांनी टोपण खाली ठेवलं. बराच वेळ पाहिलं. मग शेजारच्याला बोलावलं. त्यानेही पाहिलं. "याला चोच येणार का?" त्याने विचारलं. "खालचा जबडा आताच पुढे आहे, बघा," परबबाई म्हणाल्या. पुढचा पाऊण तास त्या खोलीत भरावाचं कोणी बोललं नाही. अंडी कुठल्या बाजूला जास्त होती, कुठल्या महिन्यात, याचंच बोलणं झालं. आणि गवतावर अंडी असतात हे आम्हाला कोणी दाखवलं, असं विचारल्यावर परबबाईंनी मथुराबाईंचं पूर्ण नाव लिहून घ्यायला लावलं.

भरावाची आखणी उत्तरेला सरकली. पट्ट्याचा एक कोपरा गेला, बाकीचा त्या वेळी तरी वाचला. परबबाईंची बढती त्या वर्षी झाली नाही, पुढच्याही झाली नाही. कोणी कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी बांगड्या घालून आले होते. त्यांनी सवयीने बशी पुढे केली, मग हसल्या आणि बशीच मला दिली. चार वर्षांनी भांडुपला त्यांच्या घरी गेले ती शेवटच्या दर्शनाला.

मला पुढे त्याच खोलीची जबाबदारी मिळाली. जुन्या बाटल्यांतलं फॉर्मलिन उडतं, दर काही वर्षांनी भर घालावी लागते. एकदा मागच्या फळीवरची बोटभर उंचीची बाटली हाती आली. आत नखाएवढी काडी, आता पांढरट झालेली, आणि त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी : 'टोळ, पहिला दिवस. गवतावरची अंडी दाखवली : मथुराबाई. दोन उन्हाळे टाकायला सांगितली : कु. प.'

माझं नाव कुठे नव्हतं. त्यांनी ठेवलंच नव्हतं.

मी भर घातली. जुनी चिठ्ठी काढली नाही. कागदाचा कपटा फाडला, पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं : 'मणी पाहिले होते. वहीत लिहिले नाहीत. टाकले : साठे.' घडी करून आत सोडला, आणि झाकण घट्ट लावलं.